तीन खणांचा डबा

माझे वडील पत्र्याचं काम करत. नवी पेठेच्या मागच्या एका बोळात आमचं दुकान होतं. दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक खोली, आणि तिच्यामागे आमच्या राहायच्या दोन. मध्ये दार नव्हतं, गोणपाटाचा पडदा होता. त्यामुळे दुकानातला प्रत्येक आवाज आमच्या ताटापर्यंत यायचा. लाकडी मोगरी पत्र्यावर पडली की एक आवाज, लोखंडी हातोडी पडली की दुसरा, आणि जाड पत्र्यातून कात्री चालली की दातांत शिरणारा तिसरा. चुलीपुढे बसून, न बघता मी सांगू शकायचे, की आप्पा आता नरसाळं करतायत, की चाळणी, की रॉकेलचं माप. गावाकडचे पाहुणे दोन दिवसांत डोकं धरून परत जायचे. आम्हाला मात्र अमावास्येला दुकान बंद असलं की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आई म्हणायची, "आज घरात कुणी आजारी हाय का काय, असं वाटतंय बघ."

आप्पा मूळचे मोहोळकडच्या एका खेड्यातले. लहान वयात सोलापुरात आले, एका म्हाताऱ्या उस्तादांच्या हाताखाली काम शिकले, आणि उस्ताद गेल्यावर दुकान त्यांनीच चालवलं. शाळेत ते कधी गेले नाहीत. मापं त्यांच्या बोटांत होती. वीत, चार बोटं, अंगठ्याचं पेर. तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा उलगडून ते जमिनीवर पसरायचे, त्याच्याकडे बराच वेळ नुसतं बघायचे, आणि मग एकदा कात्री घातली की मध्ये थांबायचं नाव नाही. कोळशाच्या शेगडीवर तापवायचं, जाड तांब्याच्या डोक्याचं एक अवजार होतं. आम्ही त्याला नुसतं 'तांबं' म्हणायचो. ते नेमकं तापलं की नवसागराच्या वडीवर घासायचं. पांढरा धूर उठायचा, टोक चांदीसारखं चमकायचं. मग सांध्यावर ॲसिडचा बोळा फिरवायचा आणि कथील एका दमात ओढत न्यायचं; याला आम्ही झाळणं म्हणायचो. हे मी नऊ-दहा वर्षांची असल्यापासून करत आले. आमच्या कडक भाकरीला, शेंगाच्या चटणीला, सणाच्या पुरणपोळीलासुद्धा त्या नवसागराचा बारीकसा वास असायचा. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी जेवले, तेव्हा अन्नात काहीतरी कमी आहे असं मला वाटत राहिलं. काय कमी आहे, ते कळायला आठवडा गेला.

दहावी-अकरावीनंतर मुलींनी काय करायचं, याची उत्तरं आमच्या बोळात ठरलेली होती. मी आयटीआयमध्ये रेडिओ मेकॅनिकचा फॉर्म भरला तो मैत्रिणीच्या भावाने आणून दिला म्हणून, आणि वर्गात एकटीच मुलगी निघाले. पहिल्या आठवड्यात सोल्डरिंगचा सराव होता. दोन तारा जोडायच्या, बस. मुलं विजेचं सोल्डरिंग आयर्न धरून कथलाचे गोळे करत बसली होती. आमचे शिक्षक कांबळे सर बाकांमधून फिरत माझ्यापाशी आले, माझा सांधा उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, "हा कुणी केला?"

मला वाटलं, चुकलं. "मी, सर."

"आधी कुठं शिकलीस?"

"घरी. आमचं पत्र्याचं दुकान आहे."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. सर हसले नाहीत. सांधा टेबलावर ठेवून म्हणाले, "उद्यापासून सगळ्यांनी हिच्याकडनं शिकायचं. सांधा असा दिसला पाहिजे."

कांबळे सर सैन्याच्या सिग्नल विभागात वायरलेस ऑपरेटर होते. तिथून सुटल्यावर सोलापुरात आले आणि शिकवायला लागले. ताठ पाठ, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. त्यांच्याकडे हौशी रेडिओचं, म्हणजे हॅमचं, सरकारी लायसन होतं. त्या काळात ते सहज मिळत नसे. परीक्षा द्यावी लागे आणि नंतर पोलीस घरी येऊन चौकशी करून जात. रेल्वे लाइन्सकडे त्यांच्या घराच्या गच्चीवर एक खोली होती. तिथे त्यांनी स्वतः बांधलेले दोन सेट होते, एक बोलायचा, एक ऐकायचा. रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण तिथे जमायचो. त्यात एका वकिलांचा मुलगा अरविंद असायचा. तो कॉलेजात फिजिक्स शिकत होता आणि परदेशी मासिकं मागवायचा. सरांच्या पत्नी वर चहा पाठवायच्या, आणि हुलग्याचं गरम, पातळ माडगं केलेलं असलं तर तेही. सेटच्या काचेच्या व्हॉल्व्हांचा लालसर उजेड, तापलेल्या धुळीचा वास, आणि पलीकडून कुणीतरी अनोळखी माणूस आपलं गाव सांगतोय. मला पहिल्या रविवारीच कळलं, की मला हेच करायचं आहे.

सरांचा एक जुना सोबती होता, पिल्लै. दोघं सैन्यात चार वर्षं एकाच तंबूत राहिलेले. एकदा डोंगराळ भागात सर तापाने फणफणले असताना पिल्लैंनी दोघांची ड्यूटी आठ दिवस एकट्याने केली होती, आणि वर कळूही दिलं नव्हतं. आता पिल्लै अंदमानात सरकारी नोकरीत होते, आणि तिथून हॅम रेडिओ चालवायचे. दर रविवारी सकाळी ते सोलापूरला हाक मारायचे. ठरलेल्या वेळेला सरही त्यांना हाक मारायचे. पिल्लैंना सरांचा आवाज स्वच्छ ऐकू जायचा. सरांना मात्र पिल्लैंचा आवाज येतच नसे. म्हणजे कुठेतरी तळाशी असल्यासारखा वाटायचा, पण त्याच्यावर एक परदेशी केंद्र बसलेलं असायचं. मोठमोठ्याने बातम्या, मग बँड, मग बाईचं गाणं, सगळं न समजणाऱ्या भाषेत. पिल्लैंची आंतरदेशीय पत्रं यायची: मी तुला ऐकतो, तू मला कधी ऐकणार? सर ती पत्रं सेटच्या बाजूला खिळ्याला अडकवून ठेवायचे. त्या गठ्ठ्याकडे बघून मला कसंतरी व्हायचं.

गंमत अशी, की ते परदेशी केंद्र खरं तर डायलवर पिल्लैंच्या जागेवर नव्हतंच, बरंच वरच्या बाजूला होतं. सरांनी फळ्यावर काढून दाखवलं. या प्रकारच्या सेटची एक खोड असते. आपण एक जागा लावली, की ठरावीक अंतरावरची दुसरी एक जागाही त्याला तितकीच आपली वाटते. दोन्हीकडचे आवाज तो एकाच कानाने आत घेतो. दोघंही जागा बदलून बसले असते तर सुटलं असतं, पण पिल्लैंच्या सेटमध्ये एकच क्रिस्टल होता, आणि तो देईल तीच जागा. "यावर औषध एकच," सर म्हणाले. "सेटच्या आधी, एरियलच्या तोंडाशीच, चाळणी बसवायची. हवं ते आत, नको ते बाहेर. प्रीसिलेक्टर." चाळणी म्हटल्यावर मी पुढे सरकले. चाळण्या आमच्या घरात रोज होत होत्या.

ही चाळणी म्हणजे दोन कॉइली आणि एक जोडगँग. गँग म्हणजे रेडिओची सुई फिरवताना आत पाती फिरतात, तेच. मी सुट्टे भाग जमवून लाकडी फळीवर सगळं मांडलं आणि पुढच्या रविवारी जोडलं. बाईचं गाणं थोडं लांब गेलं. फक्त थोडं. गँग कितीही फिरवली तरी ती गातच होती.

"गळतंय," सर म्हणाले. "चाळणीतनं नाही, चाळणीच्या कडेनं येतंय. या दोन कॉइली उघड्यावर एकमेकींशी बोलतायत. प्रत्येकीला स्वतंत्र खोली पाहिजे. धातूची. वरून झाकण, कुठे फट नाही."

अरविंद म्हणाला, "सर, एवढं कशाला? मुंबईत एकाकडे तयार मिळतो, परदेशी. वडिलांना सांगून मागवतो. हे असलं घरगुती किती टिकणार?" तो वाईट मुलगा नव्हता. पण 'घरगुती' म्हणताना त्याने माझ्या फळीकडे बघितलं, ते मला लागलं. सर खिळ्यावरचं सगळ्यात वरचं पत्र काढून वाचत होते. पिल्लैंची बदली झाली होती. महिनाअखेर ते बोटीने निघणार होते, आणि नव्या गावी लायसन पुन्हा कधी सुरू होईल याचा भरवसा नव्हता. म्हणजे दोनच रविवार उरले होते. मुंबईहून वस्तू यायला तेवढे दिवस सहज लागले असते.

"मी डबा करून आणते," मी म्हणाले. बोलून गेल्यावर लक्षात आलं, की डबा मी नाही, आप्पा करणार होते.

आजही मी हे सांगते तेव्हा ऐकणाऱ्यांना वाटतं, त्यात काय एवढं. माझ्या भाच्याने मध्ये अंगठ्याएवढा एक रिसीव्हर मागवला, कॉम्प्युटरला लावून अख्खं जग ऐकायचा. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून वायर सोडली आणि तासाभरात तोंड पाडून माझ्याकडे आला, "आत्या, यात एकाच वेळी सगळेच बोलतायत." मला हसू आलं. वस्तू अंगठ्याएवढी झाली तरी दुखणं तेच होतं.

संध्याकाळी मी सरांनी काढून दिलेला नकाशा आप्पांपुढे ठेवला. तीन खणांचा डबा. एका खणात एक कॉइल, दुसऱ्यात दुसरी, तिसऱ्यात गँग. मधल्या पडद्यांना तारेपुरती भोकं. आप्पांनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"ह्यात ठेवायचं काय?"

"काही ठेवायचं नाही, आप्पा."

"मंग डबा कशाला? तेलाला येगळा करतो, पिठाला येगळा, मिठाला येगळा. काय ठेवायचंय ते कळल्याबिगर पत्रा कसा निवडू?"

"आवाज," मी म्हणाले. "म्हणजे, आवाज जाणार त्यातनं."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग पडद्याआडून डोकावणाऱ्या आईकडे बघितलं. "पोरगी शिकायला घातली का चेष्टा करायला?" असं म्हणाले खरे, पण मोगरी हातात घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आले तेव्हा पत्रा कापून, वाकवून तयार होता. कडा अशा जुळलेल्या, की नख जाईना. ते तांबं तापवत होते आणि बाजूला ॲसिडची बाटली उघडी होती. आणि मी, सरांनी वर्गात शिकवलेलं आठवून, एकदम ओरडले, "आप्पा, ॲसिड नाही! रेडिओच्या कामात ॲसिड चालत नाही. सरांनी सांगितलंय. तारा खाऊन टाकतं ते. राळ लावायची असते."

शेजारचा पिंप-दुरुस्तीवाला दुकानात बसलेला होता, आणि एक गिऱ्हाईकही होतं. आप्पांनी तांबं शेगडीच्या कडेला ठेवलं. आवाज चढवला नाही.

"बरं. मंग तुज्या सरांकडनंच झाळून घे."

त्यानंतर पाच-सहा दिवस डबा तसाच कोपऱ्यात पडून राहिला. आप्पा बाकीची कामं करत होते, पण त्या बाजूला बघत नव्हते. जेवायला बसले की माझ्याकडे न बघता "मीठ दे" एवढंच म्हणायचे. मोगरीचा आवाजसुद्धा मला रागावल्यासारखा वाटायचा. एक रविवार असाच गेला. मी सरांकडे गेले आणि खोटंच सांगितलं, की काम चाललंय. त्या सकाळी आम्ही सगळे बसून बाईचं गाणं ऐकत होतो, आणि सर नेमाने, दर पाच मिनिटांनी, माइकवर पिल्लैंना हाक मारत होते. ज्याचं उत्तर आपल्याला येणार नाही हे माहीत आहे, त्याला इतक्या शांतपणे हाक मारणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

घरी आले तेव्हा आई शेंगा भाजत होती. तिने सगळं ओळखलं होतं. "शके," ती हळूच म्हणाली, "इतकी वर्सं सगळं सोलापूर त्यांना इचारायला येतं. तू सांगायला गेलीस. त्ये बी लोकांपुढं."

"पण ॲसिड खरंच चालत नाही, आई."

"न्हाय चालत तर न्हाय चालत. तेच त्यांना इचार की, कसं करू म्हणून."

मी पडदा सारून दुकानात गेले. आप्पा एकटेच होते. मी डबा उचलला, त्यांच्यापुढे खाली बसले आणि म्हणाले, "आप्पा, चुकलं माझं. पण एक अडचण आहे, ती तुम्हीच सोडवा. आत बारीक तारा बसणार आहेत. ॲसिडचा थेंब जरी मागं राहिला तरी त्या सडतील. आणि ॲसिडशिवाय एवढा लांब सांधा धरणार नाही. काय करू?"

आप्पा डबा हातात घेऊन फिरवत राहिले. मग म्हणाले, "तारा कधी बसवायच्या?"

"डबा झाल्यावर."

"मंग भांडण कशाचं? आदी डबा झाळायचा, ॲसिड लावूनच. मंग सोड्याच्या उकळत्या पाण्यानं तीनदा धुयाचा. मंग उन्हात. सोलापूरचं ऊन हाय, थेंब ऱ्हाईल कुटला? आनि तारा तू तुज्या राळेनं जोड." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुज्या सरांचं बी बरोबर, आनि माजं बी."

इतकं सोपं होतं. पुस्तकात ते नव्हतं, कारण पुस्तक लिहिणाऱ्याने तेलाचा डबा फोडून काही केलेलं नव्हतं.

तो आठवडा आम्ही दोघांनी मिळून काम केलं. मी आयटीआयमधून आले की थेट दुकानात बसायचे. आप्पांनी बाहेरचे सांधे झाळले, आतले पडदे मला झाळायला लावले, कारण त्यांची जाड बोटं आत जात नव्हती. शेवटी त्यांनी डबा उचलला, त्यात काठोकाठ पाणी भरलं, खाली कोरा कागद अंथरला आणि त्यावर ठेवून दिला. "आवाज जाऊ दे न्हायतर आनि काय जाऊ दे," ते म्हणाले, "पानी गळलं तर डबा न्हवं." अर्ध्या तासाने कागदाच्या एका कोपऱ्यात रुपयाएवढा ओला डाग उठला. मग त्यांनी फक्त मधल्या खणात, तारेच्या भोकांच्या खालपर्यंत, पाणी भरलं, आणि शेजारच्या खणात बोट फिरवून बघितलं. ओलं. पडद्याच्या मुळाशी पाझरत होतं, आणि पडदा जिथे तळाच्या खाचेत बसतो तिथून बाहेर. तो सांधा माझा होता.

"सर म्हणतात, थोडंफार चालेल," मी म्हणाले. सर असं काही म्हणाले नव्हते. मी दमले होते.

"माज्या दुकानातनं थोडंफार जात न्हाय," आप्पा म्हणाले, आणि तांबं माझ्या हातात दिलं. मी सगळा पडदा काढला आणि पुन्हा झाळला. दुसऱ्यांदा कागद कोरा राहिला. मग सोड्याचं पाणी, मग गच्चीवर चैत्राचं ऊन. धातू इतका तापला, की आईने तो फडक्यात धरून खाली आणला. कॉइली मी बेकलाइटच्या नळीच्या तुकड्यांवर गुंडाळल्या, वेढ्याला वेढा चिकटून, एकसारखा ताण ठेवून. झाकण आप्पांनी असं बसवलं, की ते लावताना आतली हवा हुस्स करून बाहेर पडायची.

शेवटच्या रविवारी सकाळी मी डबा सोलापुरी चादरीच्या तुकड्यात गुंडाळून निघाले, तर आप्पा धुतलेलं धोतर आणि टोपी घालून दारात उभे. "मी बी येतो," म्हणाले. "काय जातंय त्यातनं ते बघतो तरी."

सरांच्या गच्चीवरच्या खोलीत सगळे जमले होते. सरांनी आप्पांना स्वतःची खुर्ची दिली. आप्पा तिच्या कडेवर बसले. मी डबा एरियल आणि सेटच्या मध्ये जोडला. सर म्हणाले, "लाव." मी बटण लावलं, आणि खोलीत एकदम काहीच राहिलं नाही. बाईचं गाणं नाही, बातम्या नाहीत, खरखरसुद्धा नाही.

"सगळंच बंद झालं की," अरविंद म्हणाला.

आप्पा माझ्याकडे बघत होते. त्यांना यातलं काही कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळत होता. मग माझ्या डोक्यात आलं, की मी घाबरून गँगला हातच लावलेला नाही. चाळणी नीट आहे, पण ती भलत्याच जागेला उघडी आहे. मी गँगचा दांडा दोन बोटांत धरला आणि केसाएवढा, केसाएवढा फिरवायला लागले. सुरुवातीला काही नाही. मग तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटायला लागाव्यात तशी बारीक तडतड आली. मग ती वाढली. आणि त्या तडतडीच्या मधोमध, कुणी शेजारच्या खोलीतून बोलावं तसा, एका माणसाचा जरासा नाकातला, दमलेला आवाज इंग्रजीत म्हणाला, "सोलापूर, सोलापूर, मी पोर्ट ब्लेअरहून पिल्लै. आज माझा शेवटचा दिवस. कांबळे, तू आहेस का?"

सरांनी खिळ्यावरचा पत्रांचा गठ्ठा काढून सेटसमोर ठेवला. पलीकडून पुन्हा तीच हाक आली. मग त्यांनी माइक उचलला आणि म्हणाले, "पिल्लै, मी आहे. मी ऐकतोय तुला. सगळं ऐकतोय."

पलीकडे पिल्लै इतक्या मोठ्याने हसले, की सेटचा आवाज फाटला. दोघं पाऊण तास बोलले. तंबूतल्या ढेकणांबद्दल, पिल्लैंच्या मुलीच्या लग्नाबद्दल, कुठल्याशा मेजरबद्दल. शेवटी पिल्लैंनी विचारलं, की आज असं काय केलंस? सरांनी सांगितलं: माझ्या एका विद्यार्थिनीने चाळणी बांधली, आणि तिचा डबा तिच्या वडिलांनी बनवला. ते पत्र्याचे कारागीर आहेत. दोघं इथेच, माझ्यासमोर बसले आहेत.

"त्यांना माइक दे."

"देऊ शकत नाही," सर म्हणाले. "लायसन नाही त्यांच्याकडे." पंधरा वर्षांनी मित्राचा आवाज आला होता, तरी नियम तो नियम. सर तसेच होते.

"मग ऐकू तर शकतात," पिल्लै म्हणाले, आणि मग त्यांच्या फौजी हिंदीत, एकेक शब्द सावकाश उच्चारत, "पत्रेवाले साहब, आपको अंदमान से पिल्लै का सलाम. आपका काम पक्का है."

आप्पा खुर्चीवरून उठले. टोपी नीट केली, आणि त्या सेटला, त्याच्या जाळीतून येणाऱ्या आवाजाला, दोन्ही हात जोडून त्यांनी नमस्कार केला. खोलीत कुणी हसलं नाही. अरविंदने उठून डब्याचं झाकण बोटाने दाबून पाहिलं आणि मला म्हणाला, "मला असा एक बांधून देशील?" मी लगेच हो म्हणाले नाही. थोडा वेळ त्याला तसंच उभं ठेवलं. त्या वयात तेवढा मोठेपणा घ्यायचा मोह मला आवरला नाही, आणि खरं सांगायचं तर आजही मला त्याचा पस्तावा नाही.

पुढे मी परीक्षा दिली, पोलीस चौकशीला आले तेव्हा आख्ख्या बोळाने गर्दी केली, आणि मला माझं लायसन मिळालं. दूरसंचार खात्यात नोकरीही मिळाली. पुणे-कोल्हापूरकडच्या हॅम लोकांचे डब्यांसाठी निरोप यायला लागले. आप्पा प्रत्येक वेळी मला विचारायचे, "ह्या मानसाला कुनाचं ऐकायचं हाय?" ते कळल्याशिवाय पत्र्याला हात लावायचे नाहीत. एकाने नुसतंच 'उत्तम चाळणी हवी' असं कळवलं होतं. त्याचं काम तीन महिने मागे पडलं.

पण त्या रविवारचं मला सगळ्यात जास्त आठवतं ते परत येतानाचं. आप्पा पुढे, मी मागे, असे आम्ही भर दुपारी नवी पेठेतून चाललो होतो. कापडाची दुकानं उघडी होती, ओळखीची माणसं पायऱ्यांवर बसलेली. आप्पांना अमावास्या नसताना धुतलेल्या धोतरात बघून एका दुकानदाराने हटकलं, "काय हो, दुकान बंद ठेवून कुठं निघालाय? लगीनबिगीन हाय का?"

आप्पा थांबले. मागे वळून मी कुठे आहे ते पाहिलं, आणि मी जवळ येईपर्यंत थांबून राहिले. मग त्या माणसाला, आणि शेजारच्या चार पायऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लगीन कशाचं? पोरीच्या कामावर गेल्तो."